पाय थकला की ब्रेक?

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीट लावून.)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, या व्यासपीठावर नाट्यसंगीतावर बोललं जातं, ज्ञानेश्वरीवर बोललं जातं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, राज्य शासनाच्या नोकरीतला उपयंत्री. खात्याच्या गाड्यांची देखभाल बघतो. मी काय बोलणार?" ते म्हणाले, "आपल्या सभासदांपैकी निम्म्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे. त्याबद्दल बोला." म्हणून आज मी ब्रेकवर बोलणार आहे. त्यातही एकाच तक्रारीवर. ब्रेक आहे, लागतो, पण पूर्वीसारखा लागत नाही. जास्त जोर लावावा लागतो. मी हाच विषय का निवडला ते सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, ती इथे सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

आमच्या घरी १९९९ सालची एस्टीम आहे. बाबांनी निवृत्तीच्या आधी घेतली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरणही त्यांनीच रांगेत उभं राहून करून घेतलं. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज सकाळी वाचनालय, गुरुवारी दत्ताचं देऊळ, बुधवारी खजराना गणपती, आणि कोणाला स्टेशनवर सोडायचं असलं की बाबा तयार.

मग त्यांची एक तक्रार सुरू झाली. जेवताना म्हणायचे, "पायात जोर राहिला नाही रे. ब्रेक दाबायला पूर्वीसारखं जमत नाही." आम्ही म्हणायचो, "बाबा, वय झालं." त्यांनी गाडी एका गॅरेजमध्येही दाखवली. तिथे ब्रेकचे पॅड बदलले, हवा काढली, नवीन ब्रेक ऑईल भरलं. मिस्त्रीने गेटपर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला, "बाबूजी, गाडी एकदम ठीक है." मग दोष कोणाचा उरला? बाबांच्या पायाचा.

एका बुधवारी खजरान्याच्या गर्दीत बाबांची गाडी वेळेवर थांबली नाही. केळ्यांच्या ठेल्याला हलका धक्का बसला. कोणाला लागलं नाही. केळी रस्त्यावर पडली, बाबांनी पैसे दिले आणि गाडी घरी आणली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, आता पुरे. किल्ली द्या." ते एक शब्द बोलले नाहीत. उठले आणि किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला टांगली.

त्यानंतर चार महिने त्यांनी वाचनालयात जाणं बंद केलं. रिक्षाने जा म्हटलं तर म्हणायचे, "बघू." माणूस घरातल्या घरात कसा लहान होत जातो, हे मी त्या चार महिन्यांत पाहिलं. आणि तरीही मला वाटत होतं की मी योग्य तेच केलं आहे.

पुढचं सांगण्याआधी ब्रेक समजून घेऊ. फार तांत्रिक होणार नाही.

पेडल दाबलं की त्यामागचा दांडा मास्टर सिलिंडरमधल्या ऑईलला ढकलतो, ऑईलचा दाब चारही चाकांपर्यंत जातो, आणि पुढे पॅड डिस्कला, मागे लायनर ड्रमला घासतात. जुन्या फियाट, अँबॅसिडरच्या काळात हे सगळं काम पायाच्या जोरावरच चालायचं. पुढे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये बूस्टर आला. बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोर, मागच्या पत्र्याला लागून, एक काळा गोल डबा दिसेल, मोठ्या पुरणपोळीएवढ्या घेराचा. तोच बूस्टर.

त्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याने डब्याचे दोन भाग होतात. पेट्रोल इंजिन चालू असताना स्वतःसाठी हवा ओढत असतं. त्याच ओढीने एक जाड रबरी नळी या डब्यातली हवाही काढून घेते. म्हणजे दोन्ही भागांत निर्वात, आपण व्हॅक्यूम म्हणतो ते. पेडल दाबलं की पायाकडच्या भागात बाहेरची हवा शिरते. आता एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम. पडदा पुढे ढकलला जातो आणि तुमच्या पायाबरोबर तोही दांडा रेटतो.

हा जोर किती असतो? पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरा. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. इंजिन नुसतं चालू असताना इथे इंदूरमध्ये व्हॅक्यूमच्या घड्याळावर साधारण १७ इंच पारा दिसतो. मुंबईत हेच इंजिन १९ दाखवेल, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. १७ इंच म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५८ किलो. गुणाकार करा, १८० किलोच्या आसपास येतं.

आता पायाचं बघा. तुम्ही पेडलवर १५ किलो जोर लावलात, पेडलच्या तरफेमुळे तो चौपट झाला, तर ६० किलो झाले. त्यात बूस्टरचे १८० मिळवले की २४०. बूस्टर नसेल तर तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला १५ ऐवजी ६० किलो लावावे लागतील. बाबांचं वजन आहे ५६ किलो. त्यांनी पेडलवर उभं राहूनही ते जमलं नसतं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. बूस्टर गेला म्हणजे ब्रेक गेला असं नाही. ब्रेक राहतो, पण दगडासारखा कडक होतो. आणि हे बहुधा हळूहळू होतं. पाय रोज थोडा जास्त जोर लावत जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तरुण माणूस महिनोन् महिने असाच चालवतो. वयस्कर माणसाला आधी कळतं, आणि तो दोष स्वतःच्या पायाला देतो.

आता पेडल काय सांगतं ते ऐका. तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींना लोक "ब्रेक कमी लागतो" एवढंच म्हणतात. गॅरेजमध्ये जाऊन असं म्हटलं की मिस्त्री पॅड बदलतो. तेव्हा नीट सांगा.

पेडल मऊ लागत असेल, स्पंजासारखं, तर ऑईलमध्ये हवा शिरली आहे किंवा ऑईल जुनं होऊन त्यात पाणी मुरलं आहे. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. घाटात ब्रेक तापले की ते उकळतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदला.

पेडल खूप खाली जात असेल, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर वॉशर, कुठली तरी गळती, किंवा मागच्या ड्रमचं सेटिंग बघावं.

आणि पेडल वरच, कडक, आणि गाडी थांबत नाही, तर आधी बूस्टर आणि त्याची नळी तपासावी. बाबांची तक्रार हीच होती. त्यांनी शब्द बरोबर वापरले होते, "दाबायला जोर लागतो." ऐकणारा मी होतो, डिप्लोमा झालेला.

बूस्टरची तपासणी घरच्या अंगणात होते. पाना लागत नाही, बॉनेटही उघडावं लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. तीन चाचण्या आहेत. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. डब्यातला साठा संपेल आणि पेडल कडक होईल. आता पाय साध्या जोराने पेडलवर ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं, तर बूस्टर मदत करतोय. नाही गेलं, तर व्हॅक्यूम पोहोचत नाही किंवा बूस्टर निकामी आहे.

दुसरी. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. आता नेहमीच्या जोराने पेडल दाबा आणि सोडा, तीन-चार वेळा. पहिल्यांदा पेडल खोल जाईल, दुसऱ्यांदा त्याहून कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. असं झालं तर डबा हवाबंद आहे. पहिल्याच दाबाला कडक लागलं, तर कुठेतरी हवा शिरते आहे. डब्याच्या तोंडाशी किंवा नळीत एक छोटा एकदिशी व्हॉल्व्ह असतो, तो हवा फक्त इंजिनकडे जाऊ देतो. तो गेला की इंजिन बंद होताच साठा पळतो. व्हॉल्व्ह काढून फुंकून बघा. एका बाजूने फुंकर जायला हवी, दुसऱ्या बाजूने नाही.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा. तसंच धरून इंजिन बंद करा आणि ३० सेकंद मोजा. पेडलची उंची बदलता कामा नये. पेडल पाय वर ढकलू लागलं, तर आतला पडदा किंवा झडप गळते आहे.

कानाचाही उपयोग करा. पेडल दाबताना क्षणभर "स्स" असा आवाज येणं स्वाभाविक आहे, ती आत जाणारी हवा. पण पेडल धरून ठेवलं असताना तो आवाज चालूच राहिला, किंवा ब्रेक दाबल्यावर इंजिन थरथरायला लागलं, तर पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. आणि ब्रेक ऑईल कमी होतंय पण जमिनीवर थेंब दिसत नाही, मास्टर सिलिंडरच्या खाली बूस्टरचा रंग फुगून सुटतोय, असं दिसलं तर ऑईल मागच्या बाजूने गळून बूस्टरमध्ये जातंय. ती गाडी तशीच चालवू नका.

आता आमच्या घरी परत येतो.

किल्ली घेतल्यानंतर चार महिन्यांनी, श्रावणात, मी सौ. आणि मुलांना घेऊन ओंकारेश्वरला निघालो. आमची दुसरी गाडी कामाला गेली होती, म्हणून बाबांची एस्टीम काढली. बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या." सिमरोल सोडून भेरू घाटात उतरायला लागलो. पुढे एक ट्रक होता. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, ठीक. दुसऱ्या वळणावर जरा जड. तिसऱ्या वळणाआधी ट्रक थांबला आणि माझ्या पायाखालचं पेडल दगड झालं.

मी दोन्ही पाय पेडलवर ठेवून दाबले, गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला. ट्रकपासून चार हात अंतरावर गाडी थांबली. मुलं मागे गाणी म्हणत होती, त्यांना कळलंही नाही. सौ.ला कळलं. ती फक्त म्हणाली, "बाबा हेच सांगत होते ना?"

माझं वय तेव्हा ४३. माझा पाय तर थकलेला नव्हता.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी चहा घेऊन गाडीपाशी गेलो. आत्ता सांगितलेल्या तिन्ही चाचण्या केल्या. तिन्ही उत्तम! पेडल खाली गेलं, टप्प्याटप्प्याने वर आलं, ३० सेकंद जागचं हललं नाही. गॅरेजच्या मिस्त्रीने गेटपर्यंत चक्कर मारून "ठीक है" म्हटलं होतं, त्यात त्याचं फार चुकलं नव्हतं. थंड गाडी खरंच ठीक होती.

इथे मी थांबलो असतो तर पुन्हा दोष पायाकडे गेला असता. पण घाट मी विसरू शकत नव्हतो. तिथे काय वेगळं होतं? इंजिन तापलेलं होतं, आणि ब्रेक एकदा नाही, लागोपाठ दाबला होता. मग मी गाडी बायपासला नेली, पाऊण तास फिरवली आणि तापल्या इंजिनावर रिकाम्या जागेत चाचणी केली. इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबा, सोडा, लगेच दाबा, लगेच पुन्हा. पहिला मऊ, दुसरा जड, तिसरा दगड. दहा-बारा सेकंद थांबलं की पुन्हा मऊ.

याचा अर्थ असा की डबा चांगला आहे, पडदा चांगला आहे, पण एकदा वापरलेला व्हॅक्यूम परत भरायला फार वेळ लागतो आहे. म्हणजे वाट अरुंद झाली आहे. दुसऱ्या दिवशी मीटर आणून लावला. इंजिनच्या बाजूला १७ इंच, एकदम स्थिर. बूस्टरच्या बाजूला दोनदा ब्रेक मारल्यावर काटा पडायचा आणि मुंगीच्या पावलांनी चढायचा. मधे उरली ती फक्त रबरी नळी. बाहेरून बघायला चांगली, काळीभोर, एकही चीर नाही. पण तापलेली असताना दोन बोटांनी दाबली तर शिजलेल्या शेंगेसारखी दबली.

व्हॅक्यूमची नळी वेगळी असते. तिच्या भिंती जाड आणि आतून विणीने बळकट केलेल्या असतात, कारण तिला आतून ढकलणारा दाब नसतो, तिला आतून ओढणारी ओढ असते. पाण्याची किंवा पेट्रोलची साधी नळी तिथे लावली तर ती थंड असताना टिकते. इंजिनच्या उष्णतेने मऊ झाली की ओढीने आतल्या आत चपटी होते आणि चिकटते. घाटात पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, तेव्हा इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त, म्हणजे नळी सगळ्यात जास्त चपटी. नेमकी गरज असते तेव्हाच वाट बंद.

आमच्या एस्टीममध्ये अशी साधी नळी कोणी लावली होती? कंपनीने नव्हे, गॅरेजनेही नव्हे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी इंजिनचं काही काम करताना मूळ नळी टोकाला चिरलेली दिसली. दुकानं बंद होती. माझ्याकडे त्याच मापाच्या नळीचा एक तुकडा पडलेला होता. क्लिपा आवळल्या, गाडी सुरू केली, ब्रेक लागला. "तात्पुरती" म्हणून लावली आणि विसरलो.

म्हणजे बाबांचा पाय थकला नव्हता. त्यांच्या मुलाने लावलेली नळी थकली होती. आणि त्याच मुलाने त्यांची किल्ली काढून घेतली होती.

योग्य प्रकारची नळी आणली, साडेतीनशे रुपयांत. जुनी काढून उभी चिरली, तर आतली बाजू एकमेकींना चिकटून सपाट झालेली. तो तुकडा मी आज आणला आहे, नंतर हातात घेऊन बघा. नवीन नळी बसवली, गाडी तापवली, लागोपाठ सहा वेळा ब्रेक दाबला. सहाही मऊ.

संध्याकाळी तो तुकडा बाबांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "म्हणजे माझा पाय बरा आहे?"

मी म्हटलं, "बाबा, पाय बरा होता. माझंच चुकलं."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "केळेवाल्याला मी उगाच म्हटलं, म्हातारा झालोय, माफ कर." आणि हसले. मला हसू आलं नाही.

आता तुमच्या कामाच्या काही गोष्टी सांगून संपवतो.

एक. या चाचण्या दर महिन्याला करा, संकष्टीचा दिवस ठरवा म्हणजे विसरणार नाही. पण थंड गाडीवर एकदा आणि फिरून आल्यावर तापल्या गाडीवर एकदा, अशा दोन्ही वेळा करा. तापल्यावर लागोपाठ तीन दाब हे विसरू नका.

दोन. चाचण्या पास झाल्या आणि पेडल तरीही कडक असेल, तर चाकांकडे बघा. पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात, कॅलिपरच्या पिना गंजून अडकलेल्या असतात, लायनरला ऑईल लागलेलं असतं. आणि मीटरवर इंजिनच्या बाजूलाच व्हॅक्यूम कमी दिसला, तर दोष बहुधा बूस्टरचा नसतो. इंजिनचं टायमिंग, व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासावं. बूस्टर बदलून पैसे घालवू नका.

तीन. डिझेल गाडीचं वेगळं. डिझेल इंजिनात तशी ओढ नसते, म्हणून व्हॅक्यूमचा वेगळा पंप असतो. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. तिथे पट्टा तुटला की चार्जिंग जातं आणि ब्रेकची मदतही जाते. आमच्या खात्यातल्या ड्रायव्हरांना मी हेच सांगतो, की बॅटरीचा लाल दिवा लागला तर आधी गाडी बाजूला घ्या, फोन मग करा.

चार. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून आहेत. कृपा करून करू नका. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच साठा असतो. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

पाच. चालत्या गाडीत पेडल कडक झालं तर घाबरून पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबाला उरलेला साठा संपतो. एकदाच, पूर्ण जोराने, गरज पडली तर दोन्ही पायांनी दाबून धरा, गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा.

सहा. बूस्टर स्वतः उघडू नका, आत जोरदार स्प्रिंग असते. खराब झाला तर पूर्ण बदलतात, आणि नवीन बसवताना पुढच्या दांड्याचं अंतर मोजून लावावं लागतं. ते चुकलं तर ब्रेक सुटत नाहीत आणि चाकं तापतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. आणि "तात्पुरतं" म्हणून जे काही लावाल, त्याची तारीख लिहून ठेवा. हा सल्ला मी मुख्यतः स्वतःला देतो आहे.

शेवटचं, आणि हे तरुण सभासदांसाठी. घरातली वडीलधारी माणसं गाडीबद्दल काही म्हणाली तर ते आधी गाडीबद्दल आहे असं समजा. वय कोणालाच चुकलेलं नाही. आम्ही बाबांचे डोळे तपासून घेतले, डॉक्टरांना विचारलं, आणि त्यांनी स्वतःच ठरवलं की रात्री आणि हायवेवर गाडी चालवायची नाही. पण ते ठरवलं त्यांनी, गाडी दुरुस्त झाल्यावर. आधी गाडी तपासायची आणि मग माणूस, हा क्रम मी उलटा केला होता.

त्या रात्री मी किल्ली खिळ्यावरून काढून त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. सकाळी उठलो तर गाडी दारात नव्हती. क्षणभर पोटात गोळा आला. साडेनऊला ते परत आले, हातात वाचनालयाची दोन पुस्तकं. मला म्हणाले, "येताना तीनदा लागोपाठ दाबून पाहिला. मऊ आहे."

आज मला इथे त्यांनीच आणून सोडलं आहे. तिसऱ्या रांगेत बसले आहेत. प्रश्न असतील तर मला विचारा, आणि गाडीचे ब्रेक कसे आहेत ते त्यांना विचारा.

गणपती बाप्पा मोरया!